विहिणीचं पाणी

"पाणी आणते," मी म्हटलं.

"नको. माझं हाय माझ्याजवळ," म्हणून विहीणबाईंनी पिशवीतून बाटली काढली आणि दारातच उभ्या उभ्या दोन घोट घेतले.

एप्रिलचं ऊन होतं. राधानगरीच्या पलीकडच्या खेड्यातून एसट्या बदलत बाई आमच्या गडहिंग्लजला आल्या होत्या. एका हातात वातीचा स्टोव्ह, दुसऱ्या हातात गाठोडं. मागून आमचे हे घामाघूम होऊन आले, एका खांद्यावर त्यांची वळकटी आणि दुसऱ्यावर तांदळाची पिशवी. स्टँडवर उतरवून घ्यायला ह्यांना मीच पाठवलं होतं. विहीण लेकीला भेटायला येते आहे एवढंच मला ठाऊक होतं. बिऱ्हाड घेऊन येते आहे हे नव्हतं.

"हे तांदूळ कशाला?" मी विचारलं. "आमच्यात काय उपाशी निजतात?"

"तसं मनात आणू नका विहीणबाई. लेकीला मूल होईस्तवर तिच्या घरचं पाणी प्यायचं न्हाई, आमच्यात पाळत्यात. माझ्या आईनं पाळलं, मी बी पाळते. म्हणून सगळं संगं घेऊन आले. मागं कुठं आडोसा द्या, माझं मी करून खाते."

ही रीत मला नवी नव्हती. आमच्यातही जुन्या बायका ती पाळायच्या. पण आता कोण पाळतं? लग्नानंतर बाई दोनदा येऊन गेल्या होत्या. दोन्ही वेळा 'आज उपास हाय' म्हणून चहासुद्धा न घेता संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या होत्या, आणि मी ते खरं धरून चालले होते. आता कळलं की उपास देवाचा नव्हता, आमच्या घराचा होता.

मी काही बोलणार तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. "मामी, आई आली का हो?"

राजश्री, माझी सून. डॉक्टरीणबाईंनी तिला खाटेवरून उठायचं नाही असं बजावलं होतं. ती उठलीच, भिंतीला धरून दारापर्यंत आली आणि आईला बघून तिचं तोंड असं फुललं की आमच्या घरात येऊन दोन वर्षं झाली तरी मी ते तसं कधी बघितलं नव्हतं. त्या क्षणापासून माझ्या पोटात दुखायला लागलं.

आता थोडं मागचं सांगते. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही आपली चाल. राजश्रीची ओटी भरून झाली की तिचा भाऊ येऊन तिला घेऊन जाणार असं ठरलं होतं. पण तपासायला नेलं तर रक्तदाब चढलेला, पायांना सूज. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मीठ कमी, विश्रांती जास्त, आणि आता एसटीत पायसुद्धा ठेवायचा नाही. बाळंतपण इथंच करायचं." राजश्रीचं तोंड उतरलं. माझं? खोटं कशाला बोलू, मी पदराआड हसले.

मला मुलगी नाही. उदय एकटाच. म्हणजे ज्या घरात मुलगी नाही त्या घरातल्या बाईच्या हातून बाळंतपण व्हायचंच नाही. सुना जाणार त्यांच्या माहेरी, आणि आपण सव्वा महिन्यानंतर खाऊन-पिऊन गुबगुबीत झालेलं बाळ बघायला पाहुण्यासारखं जायचं, सोन्याची बाळलेणी देऊन परत यायचं. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी लेकींची बाळंतपणं केली होती. कुणाकडं डिंक भाजायचा वास आला की मी खिडकी लावून घ्यायचे. आता देवानंच ते माझ्या पदरात टाकलं होतं.

मी जय्यत तयारी केली. डिंक, खारीक, अळीव आणून ठेवले. शेगडी लिंपून घेतली. बाज नव्यानं विणून घेतली. एवढंच नाही, आमच्या पुढच्या सोप्यात मसाला कुटायचा डंक आहे, तो मी ऐन चटणीच्या दिवसांत बंद ठेवला, कारण मिरचीच्या खकाण्यानं राजश्रीला ठसका लागायचा. गावातल्या बाया मिरच्यांच्या पिशव्या घेऊन यायच्या आणि कुलूप बघून परत जायच्या. आमचे हे म्हणाले, "शालन, अगं राजा-राण्यांच्या बाळंतपणाला एवढं करत नसतील." मी म्हटलं, "त्यांना काय करायचंय? त्यांच्याकडं दासी असतात."

आणि एवढं सगळं मांडून झाल्यावर बाई स्टोव्ह घेऊन दारात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मी त्यांना मागच्या पडवीत जागा दिली. न्हाणीघराच्या शेजारी, जिथं सरपण असतं तिथं. मनात होतं, दोन दिवसांत कंटाळून जातील. बाईंनी सरपण एका बाजूला रचलं, शेण आणून जमीन सारवली, दोरी बांधून लुगडं वाळत घातलं, आणि संध्याकाळपर्यंत ती पडवी आमच्या स्वयंपाकघरापेक्षा नेटकी दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाई कळशी घेऊन दारातून बाहेर निघालेल्या.

"कुठं निघाला?"

"समोरच्या अक्काताईंना इचारलंय. त्यांच्या नळाचं पाणी घेते."

"अहो, पाणी एकच आहे. टाकी एक, पाईप एक, नगरपालिका एक. त्यांच्याकडं वेगळी गंगा येते काय?"

"पाणी एकच असंल," बाई शांतपणे म्हणाल्या, "पण नळ त्यांचा हाय."

आणि भरलेली कळशी कमरेवर घेऊन सगळ्या गल्लीतून माझी विहीण दुसऱ्याच्या घरचं पाणी माझ्या घरात आणायला लागली. रोज. अक्काताई मुळातच बोलकी. तिनं आठवड्याच्या बाजारापर्यंत ही बातमी पोचवली. भाजीवालीनं मला विचारलं, "शालनवहिनी, तुमच्याकडं पाण्याचा त्रास हाय म्हणं?" जन्मभर मिरच्या कुटल्या, पण नाकाला झोंबल्या त्या तेव्हाच.

तरी पाण्याचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. जेवणाचं मला सहन होईना.

डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी सांगितलं होतं, तिखटही बेतानंच. माझा सगळा जन्म तिखट-मिठावर गेला. माझ्या हातची चटणी बेळगावपर्यंत जाते. तरी मी राजश्रीसाठी वेगळं करायला शिकले. मुगाचं वरण, दुधी, तुपातली लापशी. ताट वाढून खाटेशी घेऊन गेले की ती दोन घास खायची, आणि मग म्हणायची, "मामी, पोट भरलं."

एकदा ताट परत घेऊन येत होते तर मागच्या पडवीतून हसण्याचा आवाज आला. वाकून बघितलं. राजश्री पायरीवर बसली होती, पोट मांडीवर टेकवून, आणि आईच्या ताटातला तांदळाच्या भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून खात होती. आमटी म्हणजे काय, पिवळं पाणी. त्यात मीठ नाही, मसाला नाही, काही नाही. आणि ही पोर बोटं चाटत होती.

"पोट भरलं होतं ना?" मी विचारलं.

राजश्रीचा हात तिथंच थांबला. "थोडंसंच, मामी. आईच्या हातचं बघावं म्हटलं."

विहीणबाईंनी ताट खाली ठेवलं. "मी न्हाईच म्हणत होते, विहीणबाई. तीच आली."

हे तर अजून वाईट. बाईंनी बोलावलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

दुपारी मी तेल कोमट करून राजश्रीच्या खोलीत गेले. सुजलेल्या पायांना चोळून द्यावं म्हटलं. तर पाय आधीच आईच्या मांडीवर. बाई खालून वर अंगठा फिरवत होत्या आणि राजश्री डोळे मिटून पडली होती. मी वाटी घेऊन उंबऱ्यात उभी. मला बघून ती उठायला लागली.

"पड, पड," मी म्हटलं. "माझं तेल काय पळून जात नाही."

"मामी, या ना. बसा." तिला वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि त्याचाही मला राग आला. मी खाटेच्या कडेला टेकले. थोड्या वेळानं तिनंच विषय काढला. "मामी, यांच्या जन्माच्या वेळी तुमच्याजवळ कोण होतं हो?"

"होते की सगळे," मी म्हटलं आणि वाटी घेऊन उठले.

रात्री ह्यांच्याजवळ मी सगळं ओकले. "ह्या घरात मी कोण आहे ते सांगा. डंक बंद ठेवला मी, बाज विणून घेतली मी, आणि बाळंतपण करणार कोण? जिला माझ्या घरचं पाणी चालत नाही ती."

हे पांघरूण ओढत म्हणाले, "अगं, ती बाई सरपणाशेजारी झोपते. तिचा हेवा करावा असं काय आहे तिच्याजवळ?"

पुरुषांना काही कळत नाही. मी तोंड फिरवून झोपले.

मग एक दिवस तपासणीला दोघी विहिणी राजश्रीच्या दोन बाजूंनी चालत दवाखान्यात गेलो. जिना चढताना तिचा डावा हात मी धरला, उजवा बाईंनी. तिथल्या वयस्क सिस्टर आम्हाला बघून म्हणाल्या, "आत्तापासून सांगून ठेवते. बाळंतपणाच्या वेळी आत कुणाला सोडत नाही. बाहेर बाकावर बसायचं. बाळ बाहेर आणून एकीच्याच हातात देणार. कुणी घ्यायचं ते घरी ठरवून या. मागच्या महिन्यात दोन आज्यांनी माझ्यासमोर ओढाओढी केलीय."

राजश्री हसली. आम्ही दोघी हसलो नाही.

तुम्हाला ठाऊक असेल, मूल ज्याच्या हातात पहिल्यांदा जातं त्याचे गुण घेतं असं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. पण मला त्या बोलण्यात माझा निकाल दिसला. पाय त्यांनी चोळले, घास त्यांनी भरवला, जाऊ दे. बाळ मात्र आधी माझ्या हातात आलं पाहिजे. तेवढं झालं तर बाकीचं सगळं मी विसरायला तयार होते.

घरी आल्यावर मी विषय काढलाच. "विहीणबाई, घर माझं, तर पहिला मान माझा. बाळ मी घेणार."

"पहिलं बाळंतपण माहेरचं असतंय," बाई म्हणाल्या. "माहेर इथं आलं म्हणून रीत बदलत न्हाई."

"माहेर माझ्या पडवीत राहतंय."

"ऱ्हातंय. पण तुमचं खात न्हाई."

राजश्रीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "मला विचारू नका. आधी त्याला बाहेर तरी येऊ दे."

त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलायला लागलो. बाई मऊ जुन्या लुगड्यांची दुपटी शिवत बसायच्या. मी बाजारातून नवी कोरी झबली आणली तर म्हणाल्या, "नवं टोचतंय त्याला." मी ती झबली तीनदा धुऊन, वाळवून, चोळून मऊ केली. माझ्या हाताची सालं निघाली, पण त्यांचं दुपटं हातात घेतलं की माझं झबलं खरखरीतच लागायचं.

कळा सुरू झाल्या त्या एका सकाळी. विहीणबाईंनी नुकताच स्टोव्ह पेटवला होता. तो तसाच विझवून, हात लुगड्याला पुसत त्या धावत आल्या. उदय कामासाठी हुबळीला गेलेला. ह्यांनी रिक्षा आणली. मी सगळं आधीच बांधून ठेवलं होतं: कपडे, थर्मास, फिरकीच्या तांब्यात पाणी, वर फुलपात्र. बाईंची पिशवी आणि पाण्याची बाटली घाईत पडवीतच राहिली.

राजश्रीला आत घेतलं आणि दार लावलं. दारासमोर लाकडी बाक होता. दाराजवळचं टोक मी धरलं. बाई दुसऱ्या टोकाला बसल्या.

वर पत्रा होता. ऊन चढत गेलं तसा जिना, भिंत, बाक, सगळं तापलं. आतून राजश्रीचं कण्हणं यायचं, मग थांबायचं. मी तांब्याची फिरकी काढली, फुलपात्रात पाणी ओतलं आणि प्याले. सावकाश प्याले. बाईंच्या समोर प्याले. तुम्हाला काय वाटायचं ते वाटो.

"खाली अंगणात नळ आहे," मी म्हटलं. "जाऊन पिऊन या. मी आहे इथं."

"नको."

"ओठ सुकलेत तुमचे."

"सुकू द्या."

मी मनात म्हटलं, बाई, मी ओळखून आहे. तू उठलीस आणि दार उघडलं तर बाळ माझ्या हातात येणार, म्हणून तू उठत नाहीस. बघू कोण आधी हरतं. माझ्याजवळ तांब्या भरलेला होता. मला दिवस काढता आला असता.

हे चहा घेऊन आले. बाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मान हलवली.

"हॉटेलचा आहे, घरचा नाही," हे म्हणाले.

"आणलासा तुम्हीच न्हवं."

ह्यांनी मला जिन्याकडं बोलावलं. मी जागची उठले नाही, तेव्हा तेच जवळ येऊन कानाशी म्हणाले, "अगं, सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. मी नळाचं आणून दिलं तर तेही नको म्हणते, तुमच्या हाताचं म्हणजे तुमच्या घरचंच म्हणते. तू समजाव. नाहीतर तू उठ, तिला तुझ्या जागेवर बसू दे, म्हणजे ती जाऊन येईल तरी."

"मी का उठू?" मी म्हटलं.

हे उदयला फोन लावायला खाली गेले.

दुपार झाली. आतला आवाज वाढला. राजश्री एकदा जोरानं ओरडली. विहीणबाईंनी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती. त्यांचे डोळे दारावर होते आणि ओठ हलत होते. मला वाटलं जप चालला असेल. एक आया बादली घेऊन गेली, परत आली. बाईंनी तिच्याकडं पाणी मागितलं असतं तर तिनं आनंदानं दिलं असतं. त्यांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. हे माझ्या ध्यानात आलं, पण त्याचा अर्थ लावायला मी थांबले नाही. माझं ध्यान दाराच्या कडीकडं होतं.

मग डॉक्टरीणबाई जवळजवळ पळतच जिना चढून आल्या आणि आत गेल्या. "बीपी बघा आधी," एवढं ऐकू आलं आणि दार पुन्हा लागलं. आतून काहीच आवाज येईना. राजश्रीचाही नाही. त्या शांततेत मी पहिल्यांदा बाळाचं सोडून त्या पोरीचा विचार केला. विहीणबाई बाकावर पुढं झुकल्या होत्या, कपाळ जवळजवळ गुडघ्याला लागलं होतं.

आणि बाळ रडलं.

आम्ही दोघी एकदम उठलो. मी उभी राहिले. बाई उठल्या आणि भिंतीला धरून पुन्हा खाली बसल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. मी फुलपात्र काठोकाठ भरलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"घ्या. मूल झालं. आता आमच्या घरचं चालतं तुम्हाला."

त्यांनी मान वर केली. सांडू नये म्हणून त्यांनी ते फुलपात्र दोन्ही हातांनी धरलं आणि तोंडाला लावलं.

तेवढ्यात दार उघडलं. सिस्टर दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन उभ्या होत्या. "मुलगी झालीय. कोण घेणार?"

मी हात पुढं केले.

आमच्या गल्लीत अजून ही गोष्ट सांगतात. सिस्टरकडून ऐकून ह्यांनीच ती पसरवली. बाळाचं रडणं ऐकू आलं तरी शालनबाईंनी बाळाआधी विहिणीला पाणी पाजलं, केवढं मोठं मन, असं म्हणतात. ज्या अक्काताईनं माझी बदनामी केली तिनंच हे कौतुकही केलं. मी कधी कुणाला खोडून काढलं नाही. दोन्ही हातांनी फुलपात्र धरलेल्या बाईला बाळ घेता येत नाही, हे मला पाणी ओततानाच सुचलं होतं की दार उघडल्यावर कळलं, ते मला आजही सांगता येणार नाही. माझी मला लाज वाटत नाही. बाळ माझ्या हातात होतं.

मी ते छातीशी घट्ट धरलं आणि विहीणबाईंकडं वळले. आता त्या म्हणणार, द्या इकडं. किंवा रडणार. किंवा चांगलं सुनावणार. माझं उत्तर तयार होतं.

बाईंनी सगळं पाणी संपवलं, फुलपात्र बाकावर ठेवलं आणि उठल्या. माझ्या अगदी जवळून गेल्या. बाळाकडं त्यांनी बघितलं नाही. सिस्टरपुढं उभ्या राहून विचारलं, "राजी कशी हाय माझी?"

"बरी आहे. बीपी उतरतंय. दमलीय फार."

"आत जाऊ?"

"अजून काम चाललंय, आजी. जरा थांबा."

"मी कुणाच्या मधी येत न्हाई. नुसती डोक्याशी बसते," असं म्हणून बाई गेल्यासुद्धा. ज्या सिस्टर कुणाला आत सोडत नव्हत्या त्या बाजूला सरल्या. लगेच बाई परत बाहेर आल्या. मला वाटलं, आता आल्या बाळासाठी. त्यांनी मला न विचारता बाकावरचा माझा तांब्या उचलला. "पाणी मागतीया," म्हणाल्या आणि आत गेल्या.

दार उघडंच राहिलं होतं. राजश्री खाटेवर पडली होती, केस कपाळाला चिकटलेले. बाईंनी तिची मान हातावर घेतली, दुसऱ्या हाताची ओंजळ केली आणि थोडं थोडं पाणी तिच्या ओठांना लावलं. "हाय की गं मी," म्हणत होत्या. "इथंच तर हुते. दाराशीच हुते." सकाळपासून त्यांच्या ओठांवर जप नव्हता, हेच होतं, हे मला तेव्हा कळलं. त्या दाराजवळून हलल्या नव्हत्या त्या बाळासाठी नाही.

मला आई नव्हती. मला कळायला लागायच्या आधीच ती गेली. उदय झाला तेव्हा असंच दार उघडलं आणि त्याला बाहेर नेलं. मुलगा झाला म्हणून बाहेर केवढा गलका झाला. सासूबाई होत्या, नणंदा होत्या, चुलतसासवा होत्या. राजश्रीला सांगितलं ते खोटं नव्हतं, होते सगळे. सगळे बाळाभोवती होते. मी आत पडून त्यांचं हसणं ऐकत होते. घशाला कोरड पडली होती, पण पाणी मागायचं म्हटलं तर हाक कुणाच्या नावानं मारायची ते मला सुचेना. मग आया आली तेव्हा तिच्याजवळ मागितलं.

इतके दिवस मला वाटत होतं मी विहिणीवर जळते आहे. तिची आमटी, तिचं दुपटं, तिची कळशी. ती बिचारी माझ्या हेव्याच्या आसपासही नव्हती. मी जळत होते राजश्रीवर. जिच्यासाठी मी डंक बंद ठेवला, झबली चोळून हात सोलून घेतले, त्या माझ्याच सुनेवर. तिच्यासाठी एक बाई दिवसभर तहानलेली बाहेर बसली होती, आणि ती बाई मी नव्हते. तो हेवा अजूनही पुरता गेला असं मी म्हणणार नाही.

मी दारात उभी राहून आत बघत होते. राजश्रीनं डोळे उघडले, आईला बघून पुन्हा मिटले. बाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं.

जिन्यावर पावलं वाजली. हे दम खात वर आले आणि माझ्या खांद्यावरून वाकून दुपट्यात बघायला लागले.

"अगं, काय ही," ते हसून म्हणाले. "कुणावर गेलीय गं?"

मला सांगता येईना. मी अजून तिच्याकडं बघितलंच नव्हतं.